धूर कोणाचा आणि खर्च कोणाचा? (सार्वजनिक धूम्रपानबंदीचा वाद)



वादविवाद स्पर्धेत फिरून फिरून येणारा एक विषय आहे : सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी असावी की नसावी? वह्या तपासताना दोन्ही बाजूंची भाषणं आता पाठ झाली आहेत. बाजूने बोलणारा म्हणतो, धूम्रपानाने कॅन्सर होतो, सरकारचा दवाखान्यावर पैसा जातो, म्हणून बंदी हवी. विरुद्ध बोलणारा म्हणतो, शरीर माझं, पैसा माझा, मी सिगारेटवर कर भरतो, तुम्ही कोण सांगणारे? दोघांनाही टाळ्या मिळतात. पण दोघेही एकमेकांच्या मुद्द्याला हात लावत नाहीत, कारण तीन वेगळे प्रश्न एकाच भाषणात कोंबलेले असतात. दुसऱ्याचा श्वास, ओढणाऱ्याचं स्वतःचं भलं आणि पैसा. आज हे तिन्ही सुटे करून बघू.

उदाहरण लांबचं नको, आपल्या वालीवचंच घेऊ. सकाळी साडेआठला नाक्यावर उभे राहा. वसई स्टेशनकडून येणाऱ्या शेअर रिक्षा रिकाम्या होत असतात, इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यांकडे माणसांची रीघ लागलेली असते. टपरीला दोरीने लायटर टांगलेला असतो. एक जण सुटी सिगारेट घेतो, तिथेच पेटवतो आणि रस्त्यावर उभा राहून ओढतो. दुसरा तळहातावर तंबाखू-चुना मळतो. रिक्षावाला तिसऱ्या सीटची वाट बघत विडी ओढतोय, मागे दोन बायका बसल्या आहेत. आणि आत एका गाळ्यात शेठ टेबलाशी सिगारेट ओढत बिलं बघतोय, चार हातांवर पॅकिंगच्या बायका आणि एक हेल्पर काम करतायत. या चौघांत, आणि पाचवा टपरीवाला धरला तर पाच जणांत, कायदा कोण मोडतोय?

वर्गात विचारलं तेव्हा बहुतेक हात रस्त्यावरच्या माणसाकडे गेले. तो दिसतो ना! पण कायद्याचं उत्तर वेगळं आहे. केंद्राचा २००३ चा कायदा, ज्याला सगळे 'कोटपा' म्हणतात, त्याच्या कलम ४ ने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली. दंड २०० रुपयांपर्यंत. पण 'सार्वजनिक ठिकाण' या शब्दाच्या व्याख्येतून उघडी जागा वगळली. पुढे २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. त्यांनी रेल्वे स्टेशन, बसथांबा, स्टेडियम अशा जागा उघड्या असल्या तरी बंदीच्या आत घेतल्या. म्हणजे मोकळ्या रस्त्यावरचा माणूस कलम ४ मध्ये सहज बसत नाही. तोच दहा पावलं सरकून बसथांब्याखाली गेला तर बसतो. तंबाखू मळणारा तर धूरच करत नाही. रिक्षा हे सार्वजनिक वाहन, तिथे बंदी आहे. टपरीवाल्याने सुटी सिगारेट विकली, तिची विक्री महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये बंद केली आहे. (ती बंदी टपरीपर्यंत पोचली का, हे तुम्ही रोज बघताच.)

राहिला शेठ. "गाळा त्याच्या मालकीचा आहे, तिथे तो काहीही करेल," असं एकाने ठणकावून सांगितलं. पण २००८ च्या नियमांत कामाचं ठिकाण हे सार्वजनिक ठिकाण धरलेलं आहे. तेव्हा गाळ्याचे कागद शेठच्या नावावर असले तरी तिथली हवा त्याच्या एकट्याची नाही. उलट तिथे 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र – येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे' अशा अर्थाचा किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावायची, तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव लिहायची आणि अ‍ॅश-ट्रे न ठेवायची जबाबदारी त्याचीच आहे. आपल्या भागातल्या किती गाळ्यांत असा फलक आहे, ते तुम्हीच बघून या. लहान गाळ्यांत मला तरी तो क्वचितच दिसलाय.

आता पहिला प्रश्न, दुसऱ्याच्या श्वासाचा. इथे थोडा इतिहास बघावाच लागेल, कारण आपल्या देशात ही बंदी एकदम आली नाही. रेल्वे कायदा, १९८९ मधलं कलम १६७ काढून वाचा. त्यात म्हटलंय की डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर धूम्रपान करता येणार नाही. रेल्वेला स्वतःहून एखाद्या गाडीत किंवा डब्यात बंदी घालायचा अधिकार होता, पण मूळ कल्पना शिष्टाचाराची. तुम्हाला त्रास होतो? मग बोला. ऐकायला किती समजूतदार वाटतं! पण विरार लोकलच्या गर्दीत खिडकीशी बसलेल्या चार जणांच्या टोळक्याला, "भाऊ, विझवा जरा," असं कोण म्हणणार? आणि गाळ्यात? महिन्याच्या सात तारखेला ज्याच्या हातून पगार घ्यायचा, त्या शेठला पॅकिंगवाली बाई हरकत घेईल का? हरकत घ्यायची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते. म्हणूनच शिष्टाचारावर सोडून भागत नाही, नियम लागतो. माझ्या मते बंदीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे आणि नेमका तोच कोणी भाषणात घेत नाही.

हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला तो मुंबईच्या माणसाने. मुरली देवरा, मुंबईचे माजी महापौर आणि खासदार, यांनी केलेल्या याचिकेवर न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला आणि दवाखाने, शाळा-कॉलेजं, वाचनालयं, न्यायालयं, सरकारी कार्यालयं, नाट्यगृहं, रेल्वेसह सार्वजनिक वाहनं इथे धूम्रपान बंद करायला सांगितलं. आधार होता घटनेचा अनुच्छेद २१, म्हणजे जीविताचा हक्क. युक्तिवाद साधा होता : जो स्वतः ओढत नाही, त्याने केवळ सार्वजनिक ठिकाणी जावं लागतं म्हणून आजार का ओढवून घ्यावा? केरळच्या उच्च न्यायालयाने दोन वर्षं आधी, १९९९ मध्ये, असाच निकाल दिला होता. नीट लक्ष द्या, न्यायालयाने "धूम्रपान वाईट सवय आहे" म्हणून बंदी घातली नाही. ओढणाऱ्याचं भलं हा तिथे मुख्य प्रश्नच नव्हता.

दुसऱ्याच्या धुराने खरंच आजार होतो का, याचीही शंका एकेकाळी घेतली जायची. १९८१ मध्ये जपानी संशोधक ताकेशी हिरायामा यांनी एक्याण्णव हजारांहून अधिक न ओढणाऱ्या विवाहित स्त्रियांचा अनेक वर्षं ठेवलेला हिशोब प्रसिद्ध केला. ज्यांचे नवरे जास्त सिगारेटी ओढत, त्या बायकांना फुप्फुसाच्या कॅन्सरने मृत्यू येण्याचं प्रमाण जास्त होतं. सिगारेट कंपन्यांनी त्यावर खूप आक्षेप घेतले, पण नंतरच्या अभ्यासांनी तीच दिशा दाखवली. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दुसऱ्याच्या धुराने जगात वर्षाला दहा लाखांहून जास्त न ओढणारी माणसं मरतात. आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून सगळ्या बंदिस्त कामाच्या ठिकाणी, अगदी दारूच्या पबमध्येसुद्धा, बंदी केली. तिथला आधार गिऱ्हाईक नव्हता, तिथे आठ-आठ तास उभा राहणारा वेटर होता. आपल्या हेल्परला त्या वेटरच्या जागी ठेवून बघा.

आता दुसरा प्रश्न : ओढणाऱ्याचं स्वातंत्र्य. याला हसण्यावारी नेऊ नका. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली 'ऑन लिबर्टी' या पुस्तकात मांडलं की दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजाने माणसावर सक्ती करावी. त्याच्याच भल्यासाठी म्हणून नाही. आपले आगरकर मिल वाचून घडले होते, हे तुम्ही मराठीच्या तासाला ऐकलं असेल. मिलच्या कसोटीवर लावलं तर गाळ्यातली, रिक्षातली, बसथांब्यावरची बंदी सरळ पास होते. पण ओसाड माळावर एकटा बसून विडी ओढणारा माणूस? त्याला अडवायला मिल परवानगी देत नाही. आणि खरं सांगायचं तर कोटपासुद्धा अडवत नाही.

"पण सर, व्यसन लागलेला माणूस स्वतंत्र कुठे असतो?" हा प्रतिप्रश्न एका मुलीने विचारला, आणि तो चांगला आहे. मिल स्वतःच म्हणतो की स्वातंत्र्य वापरून स्वतःला गुलाम म्हणून विकायचं स्वातंत्र्य माणसाला नाही. शिवाय त्याचा सिद्धान्त समज आलेल्या प्रौढांसाठी आहे, मुलांसाठी नाही. म्हणून अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायची नाही, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकायची नाही, हे कोटपाचं कलम ६ स्वातंत्र्यवाद्यालाही मान्य व्हावं. शाळेबाहेर रस्त्यावर ओढलेली ती पिवळी रेघ याचीच. तंबाखूमुक्त शाळेचे निकष भरताना आपण तिचा फोटो काढतो. मात्र व्यसनाचा मुद्दा प्रौढांना सरसकट लावायला मी कचरतो. मोबाइलचं व्यसन, चहाचं व्यसन, ऑनलाइन जुगाराचं व्यसन, अशी रांग लागते आणि कुठे थांबायचं ते कळत नाही. तिथे बंदीपेक्षा सोडायला मदत करणं बरं. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत फोन क्रमांक आहे. तो पाकिटावर छापलेला असतो, पण सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतंच कुठे! सुटी विक्री बंद करण्यामागे हेही एक कारण आहे.

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि इथे आपली भाषणं सगळ्यात जास्त घसरतात. "धूम्रपान करणाऱ्यांच्या आजाराचा खर्च माझ्या करातून का?" हे वाक्य टाळ्या घेतं. हिशोब करू. २०१७-१८ सालासाठी झालेल्या एका अभ्यासात भारतात तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांचा आणि मृत्यूंचा आर्थिक बोजा १,७७,३४१ कोटी रुपये निघाला. देशाच्या सकल उत्पन्नाच्या एक टक्क्याहून किंचित जास्त. तंबाखूवरच्या उत्पादन शुल्कातून मिळालेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे ८१६ रुपयांचं नुकसान. म्हणजे "मी कर भरतो" हा दावा तर गेलाच.

पण थांबा, त्याच आकड्याच्या पोटात शिरा. या रकमेतला औषधपाण्याचा, म्हणजे प्रत्यक्ष खर्च फक्त २२ टक्के आहे, साधारण ३९ हजार कोटी. उरलेले ७८ टक्के म्हणजे बुडालेली कमाई : आजारपणात खाडा झालेले दिवस आणि वयाआधी मेलेल्या माणसांचं न मिळालेलं उत्पन्न. आता सांगा, ती कमाई कोणाची बुडाली? करदात्याची का? नाही, त्या घराची. औषधपाण्याचंही तसंच. त्याच २०१७-१८ सालात देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ४८.८ टक्के लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरले होते. युरोपात जिथे दवाखान्याचं बिल बहुतेक सरकार भरतं, तिथे "माझ्या करातून का?" हा प्रश्न शोभतो. आपल्याकडे तो बराचसा उसना आहे.

आणि तिथेही तो दगा देतो. २००१ मध्ये फिलिप मॉरिस कंपनीने चेक प्रजासत्ताकासाठी एक अहवाल करून घेतला. त्यात दाखवलं होतं की सिगारेट ओढणारे लवकर मरत असल्याने सरकारचं पेन्शन आणि म्हातारपणाचा खर्च वाचतो, त्यामुळे धूम्रपानाने तिजोरीला फायदाच होतो! गदारोळ झाला, कंपनीला माफी मागावी लागली. पण लक्षात घ्या, केवळ तिजोरीच्या हिशोबावर बंदी उभी केलीत तर समोरचा असा हिशोब घेऊन उभा राहू शकतो, आणि मग तुम्हाला "माणूस मेला हे नुकसान आहे" असं पैशाबाहेरचं काहीतरी बोलावंच लागतं. शिवाय खर्चाचा मुद्दा धरला तर उद्या वडापाव, गोड सरबत, हेल्मेट न घालणारा मोटरसायकलवाला सगळेच रांगेत येतात.

महाराष्ट्रात तर आणखी एक अडचण आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात आपल्या राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यांत धूर काढणारे किती? ३.८ टक्के. आणि तोंडात ठेवणारे, चघळणारे, मशेरी लावणारे २४.४ टक्के (काही जण दोन्ही करतात, म्हणून बेरीज जुळत नाही). म्हणजे परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये आपल्या गावांतून तोंडाच्या कॅन्सरचे जे रुग्ण जातात, त्यांच्यासाठी 'नो स्मोकिंग'चा फलक काही करत नाही. वर उदाहरणात तळहातावर तंबाखू मळणारा जो माणूस निर्दोष सुटला, तो आठवा. खर्चाचा मुद्दा खरा मानला तर आधी त्याच्याकडे जावं लागेल. राज्याने गुटख्यावर २००२ मध्ये बंदी घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली नाही; मग अन्नसुरक्षा कायद्याच्या आधाराने जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली. ती अजून आहे, आणि कुंपणाबाहेर पुड्याही अजून सापडतात. साधा तंबाखू आणि चुना मात्र कुठल्याच बंदीत नाही.

विरुद्ध बाजूच्या विद्यार्थ्याला एक चांगला मुद्दा सुचवतो, कारण तो कोणी घेत नाही : रोजगार. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. सोलापूरजवळ कुंभारीला त्यांच्यासाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. होय, त्याच गोदूताई, ज्यांनी आपल्या तलासरी-डहाणूच्या वारल्यांची वेठबिगारी मोडून काढली. विडीचा खप घटला तर त्या घरांत चूल कशी पेटणार, हा प्रश्न खोटा नाही. पण त्याचं उत्तर "म्हणून गाळ्यात धूर चालू द्या" असं येत नाही. दुसरं काम द्या, असं येतं. ते देणं अवघड आहे आणि आजवर पुरेसं झालेलं नाही, हेही कबूल करा. परीक्षक अशा कबुलीला गुण देतात.

वर्ग संपल्यावर एक मुलगा मागे थांबला होता. वह्या आवरत असताना त्याने हळूच विचारलं, "सर, घरात ओढलं तर?" मी म्हटलं, घर सार्वजनिक ठिकाण नाही, तिथे हा कायदा लागत नाही. तो "बरं" म्हणाला आणि गेला. तो राहतो ती खोली मी पाहिली आहे. दहा बाय बारा, एक खिडकी, माणसं पाच, त्यात एक तान्हं बाळ.

तेव्हापासून त्या सर्वेक्षणातले आणखी दोन आकडे माझ्या डोक्यात बसले आहेत. देशात बंदिस्त जागी काम करणाऱ्या प्रौढांपैकी ३०.२ टक्क्यांना कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो. घरात सोसावा लागणारे ३८.७ टक्के. म्हणजे जिथे कायदा आहे तिथल्यापेक्षा जिथे नाही तिथे धूर जास्त. आणि मगाचा खर्चाचा हिशोबही शेवटी त्याच खोलीत येऊन थांबला होता. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशनचे पैसे कदाचित मिळतील. पण वालीवहून शेअर रिक्षा, वसई रोडहून लोकल, प्रभादेवीला उतरून परळपर्यंत चालत, असे महिनोन्महिने खेटे घालताना बुडणारा रोज कुठली योजना देत नाही. तो त्या पाच जणांच्या ताटातून जातो.

मग घरातही बंदी करायची? पोलिसाने चाळीच्या खोलीत शिरून विडी शोधावी, हे मला तरी नको. आज विडीसाठी शिरेल, उद्या आणखी कशासाठी. स्वातंत्र्याचा मुद्दा खरा कुठे लागू पडत असेल तर तो इथे. पण त्याच खोलीतल्या तान्ह्या बाळाला हरकत घ्यायची ताकद नाही, गाळ्यातल्या हेल्परपेक्षाही कमी. मी या दोन गोष्टींचा मेळ अजून घालू शकलेलो नाही. त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी तो मोफत फोन क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून दिला, आणि सांगितलं की वडिलांना बंद करा म्हणू नकोस, निदान दाराबाहेर जाऊन ओढा म्हण. मुलगा म्हणाला, "बाहेर गॅलरी आहे, पण तिथे शेजारच्या आजी बसतात."

पुढच्या तासाला येताना वादविवादाचा विषय असा लिहून आणा : 'दहा बाय बाराच्या खोलीत स्वातंत्र्य कोणाचं?' बाजू कोणतीही घ्या, पण भाषणात एकही वाक्य "धूम्रपान आरोग्यास घातक आहे" असं नको. ते समोरच्यालाही माहीत आहे. आणि येताना घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर 'धूम्रपान निषिद्ध'चे फलक किती दिसले आणि त्यातल्या कितींवर तक्रारीसाठी नाव लिहिलं होतं, ते मोजून आणा.